हदीस : ऐकीव की ऐकलेली?

इस्लामविषयी मराठीत चर्चा निघाली की एक युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो. महंमद पैगंबर इ.स. ६३२ मध्ये निवर्तले. इमाम बुखारी जन्मले ८१० मध्ये आणि वारले ८७० मध्ये. म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा आणि आचाराचा जो संग्रह आज सर्वांत प्रमाण मानला जातो, तो त्यांच्या मागे दोन शतके उलटून गेल्यावर तयार झाला. तोवर सगळे तोंडी. याने त्याला सांगितले, त्याने आणखी कोणाला. मुलांच्या कानगोष्टींच्या खेळात दहा कानांतून गेलेला निरोप ओळखू येत नाही, मग दोनशे वर्षांची काय कथा! आणि शेवटचा घाव म्हणून आकडा पुढे येतो : बुखारींनी सहा लाख हदिसी, म्हणजे पैगंबरांच्या वचन-आचाराच्या नोंदी, गोळा केल्या आणि ठेवल्या जेमतेम सात हजार. म्हणजे त्यांच्याच हिशेबाने शंभरातल्या नव्व्याण्णव खोट्या.

हा पूर्वपक्ष मी मुद्दाम त्याच्या पूर्ण जोमासकट मांडला आहे, कारण तो मांडणारे बहुतेक लोक धर्मचिकित्सेच्या बाजूचे असतात आणि मीही त्याच बाजूचा आहे. कोणत्याही धर्माचा कोणताही ग्रंथ तपासण्याचा अधिकार माणसाला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तपासणाऱ्याने आधी समोरची वस्तू काय आहे ते पाहिले पाहिजे. वरच्या युक्तिवादातले सनांचे आकडे बरोबर आहेत, त्यांतून काढलेले जवळजवळ सगळे निष्कर्ष चुकीचे आहेत.

प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात. आधी सनद, म्हणजे ‘मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने’ अशी सांगणाऱ्यांची साखळी. मग मतन, म्हणजे मूळ मजकूर. साखळीतल्या प्रत्येक माणसाला रावी म्हणतात आणि या विद्येत ज्याने आयुष्य घातले तो मुहद्दिस. सनद वाचली की आपल्याला वाटते, ही सगळी बोलाचालीची नावे. तिथेच घोटाळा होतो. ‘सांगितले’ या एका क्रियापदामागे बहुतेक वेळा वही होती.

पहिल्या पिढीपासूनच लिहावे की लिहू नये हा वाद होता. अबू सईद खुदरी या सहाबींच्या (पैगंबरांच्या सहकाऱ्यांना सहाबी म्हणतात) नावावर लेखनाला मनाई करणारी हदीस आहे आणि ती इमाम मुस्लिम यांच्या ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहात नोंदलेली आहे. उलट बाजूला अब्दुल्लाह इब्न अम्र या सहाबींनी पैगंबरांच्या अनुमतीने टिपणे केली आणि त्यांच्या त्या वहीला ‘सादिका’ असे नाव होते. मक्का जिंकल्यानंतर पैगंबरांनी केलेले भाषण अबू शाह नावाच्या यमनी माणसाने लिहून मागितले आणि ते त्याला लिहून द्यायला पैगंबरांनी सांगितले, ही नोंद बुखारींच्याच ग्रंथात आहे. अकराव्या शतकात बगदादच्या खतीब बगदादींनी दोन्ही बाजूंची सगळी मते एकत्र करून ‘तक्यीद अल्-इल्म’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यातली कोणती नोंद शब्दशः खरी हे क्षणभर बाजूला ठेवा. लिहू नका, असे बजावण्याची वेळ तिथेच येते जिथे लोक लिहीत असतात. ज्या समाजात सगळे केवळ तोंडी चालते तिथे या वादाला जन्मच नाही.

पुढे खलिफा उमर इब्न अब्दुल अझीझ यांनी, म्हणजे ७१७ ते ७२० या त्यांच्या छोट्या कारकिर्दीत, मदिनेच्या अबू बक्र इब्न हझम यांना हदिसी लिहून काढायला सांगितले. त्याच काळातले इब्न शिहाब झुहरी (मृत्यू ७४२) यांच्या टिपणांवर नंतरच्या पिढ्या पोसल्या. मदिनेतच इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांनी ‘मुवत्ता’ रचला. तो आजही छापला जातो, शिकवला जातो. बसऱ्याहून यमनमध्ये जाऊन राहिलेल्या मअमर इब्न राशिद (मृत्यू ७७०) यांचा संग्रह, त्यांचे शिष्य अब्दुर्रझ्झाक सनआनी (मृत्यू ८२७) यांचा ‘मुसन्नफ’, हे सगळे बुखारींच्या आधीचे आहे. बुखारींनी रिकाम्या पाटीवर पहिले अक्षर काढले नाही. त्यांच्यापुढे ग्रंथांची रास होती. त्यांनी केली ती निवड, आणि निवडीची कसोटी.

मग वह्या होत्या तर ‘ऐकले’ या शब्दाचा एवढा आग्रह का? याचे उत्तर अरबी लिपीत आहे. सुरुवातीच्या काळात ही लिपी बहुधा टिंबांशिवाय लिहीत. एकाच दातेरी खुणेला ब, त, स, न किंवा य यांपैकी काहीही वाचता येई. ऱ्हस्व स्वर तर लिहीतच नसत. अशी वही म्हणजे ज्याने ऐकले आहे त्याच्यासाठी आठवणीची खूण, न ऐकलेल्यासाठी कोडे. म्हणून नियम ठरला : गुरूसमोर बसून मजकूर ऐकायचा, किंवा आपण वाचून गुरूला ऐकवायचा, आणि आपली प्रत त्याच्या प्रतीशी ताडून पाहायची. नुसत्या वहीवरून शिकलेल्याला ‘सहफी’ म्हणून हिणवत, आणि वाचनातल्या अशा चुकीला ‘तसहीफ’ म्हणत. आपल्याकडे पाणिनीय शिक्षेतही लिखितपाठकाला अधम पाठकांत बसवले आहे. त्यामागचे कारण वेगळे असले तरी लिखिताकडे पाहण्याची ती सावध नजर मराठी वाचकाला परकी वाटू नये.

या नियमाची किंमत काय होती, ते इमाम मुस्लिम (मृत्यू ८७५) यांनी ‘तमयीझ’ या आपल्या छोट्या ग्रंथात एका उदाहरणाने दाखवले आहे. इजिप्तचे इब्न लहीआ यांनी एक हदीस सांगितली की पैगंबरांनी मशिदीत तुंबड्या लावून घेतल्या. अरबीत ‘इहतजम’. मशिदीत रक्त काढून घेतले, म्हणजे त्यावरून धर्मशास्त्राचा एक नियमच उभा राहिला असता. मुस्लिम सांगतात की मूळ शब्द ‘इहतजर’ आहे : पैगंबरांनी मशिदीत नमाजसाठी चटईचा छोटा आडोसा केला होता. शेवटच्या एका अक्षराचा फरक. इब्न लहीआ यांनी हा मजकूर दुसऱ्याच्या लिखितावरून उचलला होता, कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. इतर रावींनी तो ऐकून घेतला होता, म्हणून त्यांच्याकडे शब्द शाबूत राहिला.

हे उदाहरण पुन्हा वाचावे अशी माझी विनंती आहे, कारण प्रचलित मताचा पायाच त्यात उलटा होतो. आपण समजतो, लिहिलेले ते भरवशाचे आणि ऐकलेले ते ऐकीव. इथे लिखितावर विसंबलेला माणूस चुकला आणि त्याची चूक धरली ती ऐकलेल्यांनी. मराठीत ‘ऐकीव’ आणि ‘ऐकलेले’ हे शब्द एकाच धातूचे आहेत, पण त्यांच्यात जे अंतर आहे तेवढेच अफवा आणि साक्ष यांच्यात आहे. कोर्टात ऐकीव माहिती चालत नाही. ‘मी ऐकले, समोर बसून ऐकले, तेव्हा शेजारी अमका होता’ ही साक्ष चालते. मुहद्दिसांनी हाच भेद संस्था म्हणून उभा केला. गुरूकडून थेट ऐकणे म्हणजे समा. गुरूने आपली वही हातात देणे वेगळे, पत्राने कळवणे वेगळे, नुसती परवानगी देणे वेगळे, आणि कोणाच्या पश्चात त्याची वही सापडणे सर्वांत खालचे. प्रत्येकासाठी सनदेत वेगळे क्रियापद वापरायचे. ज्याने हे क्रियापद फिरवले, न ऐकता ऐकल्यासारखे भासवले, त्याच्यावर ‘तदलीस’चा ठपका बसे आणि तो चरित्रकोशात कायमचा राही.

पुढच्या शतकांत तर वाचनाच्या बैठकीची नोंदच हस्तलिखितावर करू लागले : कोणी वाचले, कोणी ऐकले, कुठे, कोणत्या दिवशी, कोण उशिरा आला, कोणाचा कोणता भाग हुकला. दमास्कसच्या बाराव्या ते चौदाव्या शतकांतल्या अशा नोंदींची सूची छापली गेली आहे आणि तिच्यात माणसांची नावे हजारोंनी आहेत. दुकानदार, सैनिक, मुले, बायका. याच वाटेने मक्केत राहिलेल्या करीमा मरवझिय्या या विदुषी बुखारींच्या ग्रंथाच्या नामांकित पाठदात्या ठरल्या. वर ज्यांचे नाव आले ते खतीब बगदादी हजला गेले असता त्यांच्यासमोर बसून अवघ्या पाच दिवसांत संपूर्ण सहीह बुखारी वाचून आले. कानगोष्टींच्या खेळात एक मूल एकाच मुलाच्या कानात कुजबुजते आणि मागे वळून तपासायची सोय नसते. इथे शेकडो लोक उघड्या बैठकीत एकच मजकूर ऐकत होते आणि वहीशी ताडत होते. दोन्हींना एक उपमा देणे हा अन्याय आहे.

आता सहा लाखांचा आकडा. तो नीट समजण्यासाठी बुखारींच्या ग्रंथातली पहिलीच हदीस पाहावी. कृतीचे मोल हेतूवर ठरते, अशा आशयाची ती आहे आणि ती बहुतेक मुसलमानांना पाठ असते. तिची सनद अशी : खलिफा उमर (वर आलेले उमर इब्न अब्दुल अझीझ नव्हेत, पैगंबरांचे सहाबी), त्यांच्याकडून अलकमा, त्यांच्याकडून मुहम्मद इब्न इब्राहीम तैमी, त्यांच्याकडून मदिनेचे यहया इब्न सईद अन्सारी (मृत्यू ७६०). इथपर्यंत एकेकच माणूस. यहयांकडून मात्र ती ऐकणाऱ्यांची संख्या शेकड्यांत मोजतात. मुहद्दिसांच्या बोलीत प्रत्येक वेगळी सनद ही वेगळी हदीस. म्हणजे दहा-बारा शब्दांचे हे एकच वचन यहयांच्या शिष्यांच्या पिढीतच शेकडो ‘हदिसी’ झाले, आणि त्या शिष्यांच्या शिष्यांपर्यंत आणखी वाढले. शिवाय सहाबींची आणि त्यांच्या शिष्यांची स्वतःची मतेही याच मोजणीत धरली जात. सहा लाख ही वचनांची मोजदाद नाही, ती वाटांची मोजदाद आहे. एका गावाला जाणारे शंभर रस्ते तपासून त्यांतले चार पक्के म्हणून निवडले, तर उरलेली शहाण्णव गावे खोटी ठरत नाहीत. तशी गावे मुळात नव्हतीच.

दुसरी बाजू त्याहून साधी आहे. बुखारींच्या ग्रंथाच्या पूर्ण नावातच ‘मुख्तसर’ हा शब्द आहे, म्हणजे संक्षिप्त. ग्रंथ लांबू नये म्हणून आपण पुष्कळ सहीह, म्हणजे अस्सल ठरलेल्या, हदिसी सोडल्या, असे त्यांचे म्हणणे परंपरेने जपले आहे. वगळलेली म्हणजे खोटी, असा अर्थ खुद्द संग्राहकाला मान्य नव्हता. आणि सात हजारांतही पुनरुक्ती आहेच, कारण बुखारी एकच हदीस विषयानुसार चार ठिकाणी देतात. पंधराव्या शतकात इब्न हजर अस्कलानी यांनी काटेकोर मोजणी केली : एकूण ७३९७, पुनरुक्ती वगळता २६०२. नव्व्याण्णव टक्के खोट्या, हे गणित ज्याने पहिल्यांदा मांडले त्याने अंशात एक परिमाण घेतले आणि छेदात दुसरे. ते आता तरी थांबावे.

याचा अर्थ बनावट हदिसी नव्हत्या असा मुळीच नाही. त्या अफाट होत्या. राजकीय पक्षांनी रचल्या, पंथांनी रचल्या, गावांच्या अभिमानापोटी रचल्या, चौकात कथा सांगून पोट भरणाऱ्या किस्सेकारांनी रचल्या. सर्वांत अवघड प्रकार सज्जनांचा. नूह इब्न अबी मरयम यांनी कुराणातल्या एकेका सूरेच्या फळाच्या हदिसी स्वतः रचल्याची कबुली दिली असे सांगतात. कारण काय, तर लोक कुराण सोडून दुसऱ्याच विद्येच्या मागे लागले होते, त्यांना परत वळवायचे होते. यहया कत्तान (मृत्यू ८१३) हे फार मोठे परीक्षक. धार्मिक माणसे हदीसच्या बाबतीत जितके खोटे बोलतात तितके दुसऱ्या कशाच्या बाबतीत बोलत नाहीत, या आशयाचे त्यांचे मत इमाम मुस्लिमनी आपल्या सहीहच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले आहे. प्रमाणग्रंथाच्या दारातच असा इशारा टांगून ठेवणारी परंपरा भोळी होती, असे कसे म्हणायचे?

आणि परीक्षा व्हायची कशी? यहया इब्न मईन (७७५–८४७) यांची एक हकिकत इब्न हिब्बान यांनी दिली आहे. बसऱ्याचे हम्माद इब्न सलमा यांच्या वह्या ऐकायला इब्न मईन हम्मादांच्या एका शिष्याकडे गेले. शिष्याने विचारले, या तुम्ही आधी कोणाकडून ऐकल्या नाहीत? इब्न मईन म्हणाले, सतरा जणांकडून ऐकल्या आहेत. मग अठराव्याची गरज काय? तर हम्मादांची स्वतःची चूक कोणती आणि शिष्यांची कोणती, हे मला वेगळे काढायचे आहे. सगळे शिष्य एक सांगतात आणि एकटा वेगळे सांगतो, तेव्हा चूक त्या एकट्याची. सगळे शिष्य एकमुखाने एक सांगतात आणि हम्मादांचे समकालीन दुसरेच सांगतात, तेव्हा चूक खुद्द हम्मादांची.

ज्याने पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती चाळली असेल त्याला ही रीत तत्काळ ओळखू येईल. कोणत्या प्रती एका घराण्याच्या, कुठला पाठ एकट्याने आणला, कुठला सर्वांत मुळाजवळचा, हेच ते काम. तिथे पोथ्या होत्या, इथे माणसे. नवव्या शतकात एक विद्वान अठरा साक्षीदारांची अशी पाठतुलना करत होता, ही घटना कोणत्याही संस्कृतीच्या विद्येच्या इतिहासात मानाने लिहावी अशी आहे. ती आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रचलित मताची आणखी एक बाजू अशी की मुहद्दिस फक्त सनद पाहत, मजकुराकडे डोळेझाक करत. वरची तुंबडीची हकिकतच याला पुरेसे उत्तर आहे. ‘तमयीझ’मध्येच दुसरे उदाहरण आहे. लहानगे इब्न अब्बास रात्री पैगंबरांसोबत नमाजला उभे राहिले. त्यांना पैगंबरांनी डाव्या बाजूला घेतले असे एक रावी सांगतो. मुस्लिम इतर साऱ्या विश्वासू रावींचे पाठ पुढे ठेवतात आणि निकाल देतात : डावीकडून उजवीकडे घेतले, रावीने उलटे सांगितले. मग दारकुत्नी (९१८–९९५) आले. त्यांनी बुखारी आणि मुस्लिम या दोघांच्याच ग्रंथांतल्या दोनशेच्या आसपास हदिसींवर आक्षेप घेतले, आणि त्यासाठी त्यांना कोणी धर्मबाह्य ठरवले नाही. पुढच्या टीकाकारांनी त्यांचे काही आक्षेप खोडले, काही मान्य केले. बुखारीवर प्रश्न विचारणे म्हणजे पाखंड, असे आज जे मुसलमान वक्ते सांगतात त्यांनीही दारकुत्नींचे नाव एकदा घ्यावे. तेही याच परंपरेपासून तितकेच दूर गेले आहेत.

पाश्चात्त्य पंडितांचा पूर्वपक्ष मात्र वरच्या चावडीवरच्या युक्तिवादापेक्षा कितीतरी भारी आहे. हंगेरीचे इग्नाझ गोल्डत्सिहर यांनी १८९० मध्ये दाखवले की पुष्कळ हदिसींत पैगंबरांचा काळ नसून नंतरच्या दोन शतकांतले झगडे बोलतात. त्यांचे हे काम थोर आहे. त्यांची बरीचशी सामग्री मुस्लिम परीक्षकांनीच पकडून ठेवलेल्या बनावटींची होती, एवढेच लक्षात ठेवावे. त्यानंतर १९५० मध्ये योझेफ शाख्त आले. त्यांचे म्हणणे : कायदेविषयक हदिसींच्या सनदा मागे मागे वाढत गेल्या. आधी मत होते ते फकीहाचे, म्हणजे धर्मशास्त्र्याचे, मग ते सहाबींच्या तोंडी घातले, शेवटी पैगंबरांच्या. शिवाय जिथे अनेक सनदा एका माणसाशी येऊन मिळतात तो ‘सामाईक दुवा’, आणि बहुधा तिथूनच किंवा त्याच्या नावावरच हदीस निघालेली. आपल्या पहिल्या हदीसला हे लावा : यहया इब्न सईद अन्सारी हा तो दुवा.

हा विसाव्या शतकाचा शोध मानला जातो. पण इमाम तिर्मिझी (मृत्यू ८९२) यांनी हीच हदीस देऊन तिच्याखाली स्पष्ट लिहून ठेवले आहे की ही आम्हाला यहया इब्न सईद यांच्याखेरीज दुसऱ्या वाटेने ठाऊक नाही. मुहद्दिसांच्या भाषेत अशी हदीस ‘गरीब’, म्हणजे एकाकी. दुवा त्यांनाही दिसला होता. निष्कर्ष वेगळा होता : यहया आणि त्यांच्यामागचे तिघे भरवशाचे, म्हणून हदीस सहीह. शाख्तचा निष्कर्ष सरसकट संशयाचा. दोन्ही निष्कर्षांवर वाद घालावा, पण एकाच पक्षाला डोळे होते असे म्हणू नये.

शाख्तना एक ग्रंथ छापील रूपात पाहायला मिळाला नाही. अब्दुर्रझ्झाकांचा ‘मुसन्नफ’ उत्तर प्रदेशातल्या मऊ गावचे हबीबुर्रहमान आझमी यांनी संपादित केला आणि तो १९७० ते १९७२ मध्ये बैरुतमध्ये अकरा खंडांत निघाला. शाख्त १९६९ मध्येच वारले होते. हाराल्ड मोत्स्की या जर्मन अभ्यासकाने तो ग्रंथ घेऊन एक साधा प्रश्न विचारला : अब्दुर्रझ्झाकांनी सनदा मनाने रचल्या असत्या तर त्या कशा दिसल्या असत्या? सारख्या दिसल्या असत्या. प्रत्यक्षात त्यांच्या प्रत्येक गुरूकडून आलेल्या सामग्रीची ठेवण निराळी निघाली. इब्न जुरैज (मृत्यू ७६७) मुख्यत्वे मक्केच्या अता इब्न अबी रबाह यांच्याकडून घेतात. मअमर घेतात झुहरी आणि कतादा यांच्याकडून. इब्न जुरैज अतांना प्रश्न विचारतात आणि अता बहुतेक वेळा आपले स्वतःचे मत देतात, पैगंबरांचे नाव क्वचितच घेतात. कधी इब्न जुरैज सांगतात की अमुक मला नीट ऐकू आले नाही, अमुक मी दुसऱ्याकडून ऐकले. ज्याला खोटेच रचायचे आहे तो आपल्या गुरूच्या तोंडी पैगंबरांचे वचन घालील की आपले अपुरे ऐकणे कबूल करील? मोत्स्कींचा निष्कर्ष असा की हा माल बनावट नाही आणि त्यातला बराच भाग आठव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशापर्यंत, कधी सातव्याच्या अखेरीपर्यंत नेता येतो. शाख्तचा सरसकट संशय मला यानंतर टिकलेला दिसत नाही.

आता माझ्याच बाजूच्या एका लाडक्या पुराव्याबद्दल. सहाबी अबू हुरैरा यांचे यमनी शिष्य हम्माम इब्न मुनब्बिह यांची १३८ हदिसींची वही हैदराबादचे विद्वान मुहम्मद हमीदुल्लाह यांना बर्लिन आणि दमास्कसच्या हस्तलिखितांत सापडली आणि १९५३ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. अहमद इब्न हंबल (मृत्यू ८५५) यांच्या ‘मुसनद’मध्ये ती जवळजवळ जशीच्या तशी आहे, बुखारी-मुस्लिममध्ये तिचे तुकडे विषयवार विखुरले आहेत. अनेक जण यावरून म्हणतात, पाहा, पैगंबरांनंतर पन्नास वर्षांच्या आत लिहिलेली वही! मी तेवढे म्हणणार नाही. ती हस्तलिखितेही अब्दुर्रझ्झाकांच्याच मार्गाने आली आहेत, आणि बुखारी, मुस्लिम, अहमद यांनाही ती मुख्यतः त्याच मार्गाने मिळाली. म्हणून या वहीने निःसंशय सिद्ध होते ते इतकेच की अब्दुर्रझ्झाकांपासून पुढे बुखारींपर्यंत शब्द हलले नाहीत. पण प्रचलित मताचा रोख बुखारींवरच आहे, आणि तेवढ्यापुरता हा पुरावा निर्णायक आहे.

तर माझा सिद्धान्त असा. आठव्या शतकाच्या मध्यापासून पुढचा हदीसचा प्रवास वह्या, बैठका आणि पाठतुलना यांच्या आधाराने झाला, आणि तो मानवी इतिहासातल्या सर्वांत दक्ष प्रवासांपैकी एक आहे. त्याच्या मागची पन्नास-साठ वर्षे बऱ्याच हदिसींच्या बाबतीत पुराव्याने ओलांडता येतात. त्याहून मागे, पैगंबरांच्या ओठांपर्यंत, इतिहासकाराला प्रत्येक हदीस स्वतंत्रपणे घेऊनच जावे लागते. काहींपाशी तो पोहोचतो, पुष्कळांपाशी अडतो. श्रद्धावानाची वाट तिथून पुढे जाते आणि तिच्याशी माझे भांडण नाही. घाऊक ‘सगळे खरे’ आणि घाऊक ‘सगळे खोटे’ या दोन्ही निकालांना मात्र या विद्येत जागा नाही, आणि हे तिच्या सर्वांत मोठ्या आचार्यांनीच कामातून दाखवले आहे.

ही विद्या आपल्यापासून दूरही नाही. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या बुऱ्हाणपुरात जन्मलेले अली मुत्तकी १५६७ मध्ये मक्केत वारले. ‘कन्झुल उम्माल’ हा त्यांचा शेहेचाळीस हजारांवर नोंदींचा संग्रह पुढे हैदराबादच्या दायरतुल मआरिफने छापला. त्यांचे शिष्य गुजरातचे मुहम्मद ताहिर पटणी यांनी तर खास बनावट हदिसींवरच ग्रंथ लिहिला. आणि भांडारकर संस्थेच्या महाभारताचे काम ज्या १९६६ मध्ये पुरे झाले त्याच वर्षी त्याच मऊच्या आझमींनी संपादित केलेला ‘किताब अझ्-झुह्द’ हा हदीससंग्रह मालेगावात मजलिस इह्याउल मआरिफने प्रसिद्ध केला. ग्रंथकार मर्वचे अब्दुल्लाह इब्न मुबारक. सनद हा धर्माचाच भाग आहे, ती नसती तर ज्याला जे वाटेल ते तो बोलला असता, हा विचार ज्यांच्या नावाने पुढे आला ते हेच. इब्न मुबारक ७९७ मध्ये युफ्रेटिसकाठच्या हीत गावी वारले, तेव्हा इमाम बुखारींच्या जन्माला अजून जवळजवळ तेरा वर्षे अवकाश होता.